सहा दरवाजे आणि दोन जावा

जावा-जावा आणि हेवा-दावा, असं म्हणतातच. पण थोरलीला धाकटीच्या रंगरूपाचा हेवा कधी वाटला नाही, माहेरचाही नाही. ठिणगी पडली ती खाडीच्या तोंडावरच्या अर्धवट वीजघरावरून.

भरती-ओहोटीच्या पाण्यावर वीज करायची म्हणून तिथे बांध घातला होता. सहा लोखंडी दरवाजे बसले, टर्बाइन दोनच आली आणि कंपनीने गाशा गुंडाळला. जाताना नकाशेसुद्धा घेऊन गेली. राखणीला उरली थोरली. नऊ वर्षं ती दरवाज्यांना ग्रीस लावत होती, खुणा केलेल्या काठीने गाळ मोजून वहीत लिहीत होती. घरी मात्र सासूबाई कुणी विचारलं की सांगायच्या, "कुलपं सांभाळते तिथली."

धाकटी इंजिनिअर. लग्नाला जेमतेम दोन वर्षं झालेली. वीजघर पुरं करायचं की पाडायचं, हे ठरवायला समिती नेमली गेली आणि तपासणीचं काम नेमकं तिच्याच वाट्याला आलं.

"आता आपली धाकटी म्हणेल तसं होणार!" सासूबाई शेजारी ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या. थोरलीने पातेलं जरा जास्तच घासलं.

धाकटी होडीत गाळ मोजायचं यंत्र घेऊन चार दिवस फिरली. होडी धरायला, दोर सोडायला थोरली. ते भांगाचे दिवस होते, पाण्याला जोर नसतो तेव्हाचे. गाळ भराभर खाली बसत होता. धाकटीने हिशेब मांडला: सात वर्षांत बांधाच्या आतलं तळं गाळाने भरून जाईल.

थोरलीला ठाऊक होतं, हे साफ चूक आहे. उधाण आलं की ती ओहोटीला तिसरा आणि चौथा दरवाजा हाताने उघडायची. पाणी असं मुसंडी मारून बाहेर पडायचं, की साचलेला गाळ सोबत ओढून न्यायचं. नऊ वर्षांत तळ वीतभरसुद्धा वर आला नव्हता. पण तिने तोंडाला कुलूप लावलं. हसं होऊ दे एकदा हुशार बाईंचं!

धाकटीच एकदा तिच्यापाशी आली. "जाऊबाई, तिसऱ्या दरवाज्यापाशी गाळ इतका कमी कसा हो?"

"मला काय कळतंय? तुझ्या यंत्राला विचार."

त्या दुपारी थोरलीला जेवण गोड लागलं. संध्याकाळी दरवाज्यांना ग्रीस लावताना मात्र मनात आलं: बांध पाडला, तर आपलं काय उरणार?

समितीची बैठक वीजघराच्याच खोलीत भरली. थोरली चहा घेऊन गेली, तेव्हा अध्यक्ष म्हणत होते, "म्हणजे पाडायचंच. नऊ वर्षं इथे कुणी काही केलेलंच नाही."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कप तसेच ठेवून ती कपाटाकडे वळली आणि नऊ वह्या तिने धाडकन टेबलावर टाकल्या.

"या वाचा आधी. आणि या बाईंना सांगा, भांगात मोजलेला गाळ खरा नसतो. चार दिवसांत समुद्र कळत नाही!"

चार माणसांत धाकटीचा चेहरा उतरला. थोरलीला हवं होतं ते झालं. पण धाकटी रडली नाही की चिडली नाही. तिने वही उघडली, मग दुसरी. "माझा अहवाल मी मागे घेते," ती अध्यक्षांना म्हणाली. "मला पंधरा दिवस द्या."

पुढच्या उधाणाला दोघींनी मिळून मोजलं. नवा अहवाल गेला: आहेत ती दोन टर्बाइन जोडावीत, दरवाजे थोरलीच्या वेळापत्रकाने उघडावेत. समितीने ते मान्य केलं. अहवालावर थोरलीचं नाव पहिलं होतं, धाकटीचं त्याखाली.

थोरलीने ते तीनदा वाचलं आणि पुन्हा जळफळली. आता मनाचा मोठेपणाही हिनेच मिरवायचा!

काम सुरू झालं, तशी धाकटी हट्टाने म्हणाली, "मलाही शिकवा ना दरवाजा उघडायला."

थोरलीने तिला चौथ्या दरवाज्याचं चाक दिलं. सगळ्यांत जड. पाऊण तासात धाकटीच्या दोन्ही तळव्यांना टरारून फोड आले.

"राहू दे आता," थोरली म्हणाली आणि चाकासाठी ग्रीसचा डबा आणायला वळली. हसू काही केल्या आवरत नव्हतं तिला.