मालकाच्या बायकोची कंपनी

नवऱ्याचं हृदयाचं ऑपरेशन नुकतंच झालेलं आणि विद्यार्थ्यांना भाड्याने दिलेल्या आमच्या इमारतीतल्या वरच्या खोलीचा पाण्याचा पाइप फुटला. जपानातल्या त्सुकुबातली थंडी कोरडी, डोंगरावरून येणारं वारं लाकडी भिंतींतून सरळ आत शिरतं. सुट्टीला घरी गेलेल्या विद्यार्थ्याने नळातलं पाणी काढून ठेवलं नव्हतं, ते पाइपातच गोठलं, मग दुसरं काय होणार? खालच्या खोलीतल्या मुलीचा फोन आला तेव्हा तिच्या छतातून पाणी टपकत होतं. मी हॉस्पिटलमधून तशीच गाडी काढून गेले, पाणी बंद केलं, तिची पुस्तकं बाहेर काढून माझ्या गाडीत भरली आणि विमा कंपनीला फोन लावला.

पलीकडचा माणूस कमालीचा नम्र होता. म्हणाला, होन्निनशी बोलायचं आहे. होन्निन म्हणजे ज्याच्या नावावर कागद आहे तो माणूस, जातीने. मी सांगितलं की त्याची छाती उघडून शिवली आहे, तो आत्ता बोलण्याच्या स्थितीत नाही. त्याला ऐकून फार वाईट वाटलं. बरे झाले की त्यांनाच फोन करायला सांगा, म्हणाला. मला वाटलं माझं जपानी कमी पडतंय, म्हणून योकोहामाला नोकरी करणाऱ्या आमच्या लेकीला मध्ये घेतलं. ती इथेच वाढलेली, फोनवर कुणाला ती परकी वाटत नाही. तिलाही तेच उत्तर मिळालं, आणखी नम्र भाषेत. भिंत फोडायला आलेला प्लंबरही मालकाच्या होकारावर अडून बसला. शेवटी नवऱ्याला वॉर्डात आणल्यावर मी त्याच्या कानाशी फोन धरला, नर्सने दुसरीकडे बघितलं, आणि तो अर्धवट गुंगीत ‘हाय, हाय’ म्हणाला. जपानीत हाय म्हणजे हो. कशाला हो म्हणाला ते त्याला आजही सांगता येत नाही. तेवढ्यावर सगळी कामं सुरळीत सुरू झाली.

त्या दिवशी मी हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून रडले. भीतीने रडले, आणि त्याहून जास्त संतापाने. आमची मालमत्ता म्हणजे विद्यापीठाजवळची दोन मजली, चार खोल्यांची जुनी लाकडी इमारत आणि स्टेशनपलीकडचं एक टीचभर घर, एवढाच पसारा. घेतलं नवऱ्याच्या नावावर, कारण पगार त्याला होता. तो संशोधक, त्याच्या संस्थेत दिवसभर इंग्रजी चालतं. मी पुण्यातली वनस्पतिशास्त्राची शिकवण्याची नोकरी सोडून त्याच्यामागे आलेली. आल्या आल्या कोंबिनीत बाइतो केला, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानात तासांवर काम. जपानी तिथे शिकले. पुढे इमारत घेतल्यावर किल्ल्या, करार, गवत, कुणी प्लास्टिकच्या कचऱ्याच्या दिवशी काचा टाकल्या त्याची शेजाऱ्यांकडे माफी, सगळं माझ्या अंगावर आलं आणि मला ते आवडायलाही लागलं. सगळे मला ओकुसान म्हणतात. ओकुसान म्हणजे बाईसाहेब, म्हणजे कुणाची तरी बायको. इतकी वर्षं मी ते मान म्हणून ऐकत होते.

नवरा घरी आला, गोळ्या वेळेवर घ्यायला लागला, पुन्हा लॅबमध्ये जायला लागला, आणि मी विषय काढला. म्हटलं, तुला काही झालं तर मी उद्या या इमारतीत एक खिळासुद्धा ठोकू शकणार नाही. बँक खातं गोठवेल. इथे मेलेल्या माणसाचे वारस कोण हे सरकारी कुटुंबनोंदणीतून सिद्ध करतात, आणि भारतात तसली नोंदणीच नाही. मग आपण शपथपत्रं करत बसायचं, आणि कायदा कुठला लागू, इथला की तिथला, यावर दोन जाणकारांना विचारलं तर दोन मतं मिळतात. तोवर छत गळलं तर? नवरा म्हणाला, अभद्र बोलू नकोस. हा माणूस विज्ञानात आयुष्य घालवलेला, पण घरात मरणाचा विषय निघाला की सरळ उठून चहा टाकतो. त्या दिवसांत आमच्याकडे फार चहा झाला.

माझा भाऊ न्यू जर्सीत असतो आणि त्याला प्रत्येक गोष्टीवर उपाय माहीत असतो. व्हिडिओ कॉलवर म्हणाला, ताई, सिंपल आहे, एलएलसी काढ, म्हणजे छोटी मर्यादित जबाबदारीची कंपनी. आमच्याकडे लोक प्रत्येक घरासाठी वेगळी एलएलसी काढतात. कुणी जिन्यावरून पडला आणि केस केली तरी कंपनीवर, तुझ्या अंगाला काही लागत नाही. मी एवढी भारावले की कागदावर चौकोन आणि बाण काढून, इमारतीला एक आणि घराला एक अशा दोन कंपन्या आखून, कर सल्लागारांकडे गेले. अमेरिकेतला कायदा जपानात आपोआप चालेल असं मानणारी मी पहिली नव्हते, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

ते साठीचे, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांनी माझे चौकोन आदराने बघितले आणि एकेक करून पुसले. अशी कंपनी इथे निघते, तिला गोदो-गाइशा म्हणतात. पण एवढ्या छोट्या कंपनीला बँक कर्ज देताना तुमचीच वैयक्तिक हमी घेणार, म्हणजे अंगाला लागायचं ते लागणारच. जिन्यावरून कुणी पडलं तर उपयोग विम्याचा होतो. मालमत्ता कंपनीच्या नावावर करायची तर हस्तांतराचे कर भरा. आणि तोटा झाला तरी कंपनीला दरवर्षी ठराविक कर चुकत नाही. थोडक्यात, तुमच्या आकाराच्या भाड्यासाठी कंपनी काढू नये. मुखत्यारपत्र करून घ्या, पुरेसं आहे. मी विचारलं, नवरा गेल्यावर मुखत्यारपत्र चालतं का? ते म्हणाले, नाही, ते त्याच दिवशी संपतं.

मग त्यांनी तिसरा रस्ता सांगितला. इमारत आणि घर नवऱ्याच्याच नावावर राहू द्यायचं. कंपनी एक आणि माझी एकटीची. ती कंपनी नवऱ्याकडून सगळं भाड्याने घेणार आणि मग एकेक खोली विद्यार्थ्यांना देणार. भाडेकरूंचे करार, दुरुस्त्या, विमा, सगळं कंपनीच्या नावाने. मालकाचं काही बरंवाईट झालं तरी कंपनीचा करार चालू राहतो आणि कंपनीतर्फे बोलणारी मी असते. नवरा यात येऊ शकत नव्हता, कारण त्याच्या संस्थेत बाहेरचा धंदा करायला परवानगी लागते. पण खर्च बघता फायदा काही नाही, उलट थोडं खिशातूनच जाईल, असं त्यांनी दोनदा बजावलं. मी म्हटलं, जाऊ दे.

नवऱ्याने घरी एक्सेल उघडलं. एका बाजूला कंपनी, दुसऱ्या बाजूला आहे तसं, खाली पुढच्या सगळ्या वर्षांचे रकाने. कंपनी प्रत्येक रकान्यात हरली. त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली, स्वतःचा शोधनिबंध छापून आल्यावर वळवतो तशी.

“मी यातल्या कुठल्या रकान्यात आहे?” मी विचारलं.

तो म्हणाला की हा इमोशनल मुद्दा झाला. मी म्हटलं, हो, इमोशनलच आहे. त्यावर आमचं जोरदार वाजलं. तो म्हणाला, मी चांगला चालता-फिरता असताना तू माझ्या मागची व्यवस्था लावतेस. मी म्हटलं, तू फोनवर हाय म्हणू शकला नसतास तर मी काय केलं असतं याचा एकदा तरी विचार कर. तो उठला आणि चहा टाकायला गेला. मी गॅस बंद केला. मला ठाऊक होतं की त्याला दुखतंय, आणि मी तरीही मागे हटणार नव्हते. ज्याला जपायचं त्यालाच टोचत राहायची वेळ माझ्यावर आली होती आणि मला त्याचा राग येत होता.

मार्चमध्ये विद्यार्थी खोल्या सोडतात. शिकून झालेले जातात, नवे यायला थोडेच दिवस असतात, आणि त्या फटीत मला सगळं घासून पुसून तयार करावं लागतं. त्या वर्षी नवरा म्हणाला मीही येतो. डॉक्टरांनी उचलाउचल मना केली होती, म्हणून त्याच्या हातात फडकं दिलं. तो खोलीच्या मध्ये उभा राहून म्हणाला, ही तीच खोली का, पाइप फुटलेली? ती शेजारची होती. दुपारी गॅसवाला तपासणीला आला, मी बाथरूम घासत होते, आणि त्याने दारात उभ्या असलेल्या नवऱ्याला काहीतरी विचारलं. नवऱ्याला प्रश्न कळला, उत्तर माहीत नव्हतं. गॅसवाला त्याला ओलांडून आत आला, ओकुसान, म्हणाला, आणि मला विचारलं. मी ओल्या हातांनी सही केली.

संध्याकाळी गाडीत नवरा फडक्याची घडी घालत बसला होता. घराच्या वळणावर म्हणाला, “कर तुझी कंपनी. मी नावापुरता मालक आहे.” मी त्याला उगाच चिडवलं नाही. तेवढी अक्कल मला होती.

पुढचे दिवस मजेत गेले. नवरा-बायकोतही रीतसर लेखी करार हवा, नाहीतर करखात्याला संशय येतो, असं सल्लागारांनी सांगितलं. मग आम्ही जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बसलो, तो घरमालक आणि मी भाडेकरू. त्याने अट घातली की भाडं महिन्याच्या शेवटी वेळेवर यावं. मी म्हटलं, छपराची जबाबदारी मालकाची, आणि ते पावसाळ्याआधी रंगवून पाहिजे. त्याला हसू फुटलं. आजारपणानंतर तो असा मोकळा हसलेला मी पहिल्यांदाच पाहत होते.

कंपनीची नियमावली तयार करायला आम्ही कायद्याचे कागद करणाऱ्या एका बाईंच्या कार्यालयात गेलो. तरुण होत्या, आवाज इतका मऊ की पुढे झुकून ऐकावं लागे. त्या एक कलम वाचायच्या, मी ते नवऱ्याला मराठीत सांगायचे, तो मान हलवायचा. त्याला यायची गरज नव्हती. पण तो रजा काढून आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि माझं त्याच्याकडे पुन्हा पुन्हा लक्ष जात होतं. कंपनीचं नाव, पत्ता, काम काय, पैसे कोण घालणार. सदस्य एकच, मी. प्रतिनिधी मी. ते वाक्य त्यांनी वाचलं तेव्हा मला सरळ बसावंसं वाटलं.

मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, आता एक बोलायला अवघड गोष्ट आहे. जपानी लोक मरणाला मरण म्हणत नाहीत, दहा हजारांत एकदा असं म्हणतात. दहा हजारांत एकदा तुमच्या बाबतीत काही घडलं तर, त्या म्हणाल्या, सदस्य एकच असल्यामुळे कंपनी त्याच क्षणी विसर्जित होते. ते नको असेल तर वारस तुमच्या जागी येतील असं आपल्याला लिहून ठेवावं लागेल. नाही लिहिलं तर वारसांना ती जागा मिळत नाही. काय करायचं?

इतके महिने मी त्याच्या मरणाबद्दल बोलत होते. बँक, वारस, शपथपत्रं, सगळं तोंडपाठ. त्याला भित्रा म्हणाले होते. आणि या सगळ्यात मी आधी जाऊ शकते हे माझ्या एकदाही मनात आलं नव्हतं.

“काय म्हणतायत?” नवऱ्याने विचारलं.

“कंपनी कधी बंद होते ते सांगतायत.”

“कधी होते?”

मला काही झालं तर, असं म्हणता आलं असतं. आमच्या घरात सगळे तसंच म्हणतात, आणि मी त्यावरून त्याच्याशी भांडले होते. म्हणून मी सरळ म्हटलं, “मी मेले की. नाहीतर वारसांची नावं लागतील असं लिहायचं. म्हणजे तू आणि आपली लेक.”

त्याचा चेहरा ऑपरेशनला आत नेताना होता तसा झाला.

“मला हे चालणार नाही,” तो म्हणाला.

“वारसांचं कलम?”

“तू आधी गेलेली.”

बाईंना मराठीचा गंध नव्हता, पण आवाज कळला असावा. त्यांनी अगदी हलकेच मला विचारलं की आपले पती काय म्हणाले, त्यांची या कलमाला काही हरकत आहे का.

टेबलाखाली त्याने माझं मनगट धरलं होतं, चांगलं दुखेल इतकं घट्ट. मी ते सोडवलं नाही.

“नाही,” मी जपानीत सांगितलं. “हरकत नाही. लिहा.”