सरांची मराठी गेली तेव्हा

पीएच.डी.चं शेवटचं प्रकरण लिहायला घेतलं आणि त्याच आठवड्यात माझ्या मार्गदर्शक सरांना पक्षाघाताचा झटका आला. दवाखान्यात भेटायला गेले. त्यांनी ओळखलं, डावा हात वर केला, पण तोंडातून आलं ते कन्नड. जन्मभर मराठी शिकवलेल्या माणसाची नेमकी मराठीच गेली होती. ऐकलेलं सगळं समजत होतं; बोलायला मात्र लहानपणची, घरची भाषाच उरली होती.

मी अक्कलकोटकडची, त्यामुळे कन्नड मला आईकडून आलेली. माझा विषयही सीमेवरच्या गावांतल्या मराठीचाच. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणाल्या, "तू येत जा गं. तू आलीस की ते उठून बसतात तरी."

मग मी शिकवते त्या कॉलेजमधले तास संपले की सात रस्ता चौकातून रिक्षा धरायची, शुक्रवार पेठेत त्यांच्या घरी जायचं आणि लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवायचं. पटलं नाही की सर म्हणत, "ब्याड." नको. मी वाक्य खोडायची. एकदा त्यांना कुठलासा मराठी शब्द हवा होता. ओठ हलले, शब्द येईना. मी सुचवत राहिले, ते मान हलवत राहिले. शेवटी त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. काकूंनी चहा आणून त्यांच्या डाव्या हातात कप दिला.

विद्यापीठानं दुसरे मार्गदर्शक दिले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना सगळी मांडणीच नव्यानं हवी होती. सरांसमोर बसून जुळवलेलं मी पुन्हा मोडायला बसले. चिडायचंही त्राण नव्हतं.

"सोडून दे की," नवरा म्हणाला. "नोकरी हाय, चाललंय की आपलं."

"सोडते. पण सरांना कोण सांगणार?"

 

प्रबंध नव्या मांडणीनं लिहून दिला. मौखिक परीक्षेला सर व्हीलचेअरवर आले. बाहेरगावच्या परीक्षकांनी एका निष्कर्षाचा आधार विचारला आणि माझं डोकं एकदम रिकामं झालं. तेवढ्यात मागून सर कन्नडमध्ये मोठ्यानं काहीतरी बोलले. सगळे वळून बघायला लागले.

"काय म्हणतायत ते?" परीक्षकांनी मलाच विचारलं.

"म्हणतायत, प्रश्न चांगला आहे. तिला जरा वेळ द्या."

परीक्षक हसले, पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. मग मला बोलता आलं.

पदवी मिळाली. फोटो, शाल, पेढे झाले. सर दमून आधीच घरी गेले होते. मी घरी येऊन नेसत्या साडीनं आडवी झाले. जेवायला उठवलं तरी उठले नाही. आनंद झाला का, म्हणून सगळे विचारत होते. मी हो म्हणत होते. खरा आनंद झाला तो बऱ्याच दिवसांनी, एका रविवारी मेथी निवडताना. आज सरांकडे जाऊन काही वाचून दाखवायचं नाही, असं मनात आलं. बरं वाटलं, आणि लगेच रडू आलं.