दिवाणातला जावई

मी एकदा वारलो होतो. फार वेळ नाही.

माझी मुलगी ओवी तेव्हा दुसरीत होती आणि तिला दुसऱ्या जगात जायचं होतं. गोष्टीच्या पुस्तकातली एक पोरगी पेटीत शिरते अन् थेट जादूच्या राज्यात निघते, एवढं वाचलं, आणि आमच्या नांदेडच्या दोन खोल्यांत जिथं झाकण, तिथं हिचं डोकं! (कूलरमध्ये अडकलेलं मीच काढलं, खोबरेल तेल लावून.) मग तिची नजर दिवाणावर गेली. आतल्या गोधड्या गच्चीवर उन्हात होत्या, म्हणजे राज्याचा रस्ता मोकळा.

पोरगी आत कोंडली तर काय, म्हणून बायको धास्तावली. मी ड्युटीवरून दमून आलो होतो, समजावत बसायचं त्राण नव्हतं. म्हणालो, मीच आत जाऊन दाखवतो, म्हणजे विषय संपेल. बायको गोधड्या आणायला वर गेली, मी आत आडवा झालो आणि ओवीनं झाकण लावलं. उघडं ठेवलं तर जादू बाहेर सांडते म्हणे.

खरं सांगतो, आत बरं वाटलं. अंधार होता आणि कुणी काही मागत नव्हतं.

तेवढ्यात लोह्याहून सासूबाई आल्या, सोबत त्यांची देगलूरची बहीण. दोघी अंगानं भारदस्त. दोघी टेकल्या त्या नेमक्या दिवाणावर.

"बाप कुठं हाय गं तुझा?" सासूबाईंनी विचारलं.

"पप्पा गेले," ओवी म्हणाली. "दुसऱ्या जगात."

सासूबाईंनी गळा काढला, मावशींनी सूर धरला. मी झाकण ठोकायला हात उचलला, तर कानावर आलं, "सोन्यासारखा जावई व्हता गं!"

लग्नाला इतकी वर्षं झाली, हे पहिल्यांदाच ऐकत होतो. हात खाली घेतला.

कधी उलटून बोलला नाही म्हणे. (संधी कुणी दिली?) पोरीला फुलासारखं जपलं म्हणे. मला तर आत भरून आलं. मग मावशी नाक ओढत म्हणाल्या, "पर कामाचा लई आळशी व्हता."

"त्ये तर हायच," सासूबाई हुंदका देत म्हणाल्या.

मी ठोकलं. मावशी ताडकन उठल्या, पाठोपाठ सासूबाईही. गोधड्या घेऊन आलेल्या बायकोनं झाकण उघडलं, मी उठून बसलो. सासूबाईंनी डोळे पुसून मला नीट न्याहाळलं.

"जित्ता हाय व्हय," त्या म्हणाल्या. "मग च्या तरी ठेव म्हणावं."

गोष्टीतली मुलं दुसऱ्या जगातून राजे होऊन परततात. मी परतलो आणि साखरेचा डबा शोधू लागलो.