मामाच्या कपाळावरचं गंध

साथ नुकतीच सुरू झाली होती, मार्चमधल्या एका बुधवारी कलेक्टर ऑफिसमधून ऑर्डर आली. परदेशातून आलेल्या माणसाला तपासल्याशिवाय जिल्ह्यात सोडायचं नाही. दुसऱ्या दिवशी त्रिचीहून तंजावरला येणाऱ्या रस्त्यावर मंडप उभा राहिला. मी हेल्थ इन्स्पेक्टर होतो. मी त्यात जाऊन बसलो.

आमच्या कामाला स्क्रीनिंग म्हणतात. त्यात रोग शोधायचा नसतो, फक्त चाळायचं असतं. ज्याच्याबद्दल शंका यावी असा माणूस बाजूला काढायचा, इतकंच. आमची चाळणी म्हणजे थर्मल गन. कपाळासमोर धरून बटण दाबलं की ताप किती ते दिसतं. ताप नसेल तर हातावर शिक्का मारून घरी पाठवायचं, दोन आठवडे बाहेर पडायचं नाही या अटीवर. ताप असेल तर सरकारी इस्पितळात.

तंजावरात अडचण अशी की इथली कपाळं मोकळी नसतात. विभूती, चंदन, कुंकू, काहीतरी असतंच. सेल्वी सिस्टर आधी ओल्या कापसानं कपाळ पुसून घ्यायची. लोक कुरकुरायचे, पण पुसू द्यायचे.

माझा मामा पुसू देईना.

मामा सिंगापूरला मुलाकडे गेला होता. विमानतळावरून टॅक्सी करून थेट आमच्याकडे निघाला होता. थेट म्हणजे माझ्या अम्माकडे. अम्मा त्याची थोरली बहीण. वय ऐंशीच्या पुढे, दम्याची जुनी रोगी, इनहेलर कायम कमरेला खोचलेला. सकाळपासून ती मामासाठी वांग्याची रसवांगी करत होती. दोघं एकाच ताटासमोर बसून भांडत जेवत. लहानपणापासून तसंच.

"काय रे सेतू, मला ओळखत नाहीस?" मामा टॅक्सीतून उतरत म्हणाला. "पिस्तूल रोखलंस ते?"

"सगळ्यांनाच रोखतो, मामा. कपाळ पुस जरा."

"लावलेलं गंध पुसायचं नसतं. इतकी पुस्तकं वाचलीस, हे कुठे लिहिलेलं नव्हतं?"

मी तसाच नेम धरला. चौऱ्याण्णव. पुन्हा धरला. तरी चौऱ्याण्णव.

सेल्वीनं वाकून आकडा पाहिला. "सार, यांना इस्पितळात पाठवायचं की शवागारात?"

"सिंगापुरात सोडलं, त्रिचीत सोडलं," मामा म्हणाला. "आता माझ्याच भाच्याला मी जास्त थंड वाटतोय. शिक्का मार आणि सोड. अक्का वाट बघतेय."

माझ्या साहेबांना फोन केला. ते घाईत होते. "ताप दाखवतंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही सर. उलट फार कमी दाखवतंय."

"मग शिक्का मारा. मागे गाड्या किती थांबल्यात?"

बऱ्याच थांबल्या होत्या. शिक्का माझ्या हातात होता. मी मामाकडे पाहिलं. एरवी त्याच्या कपाळावर एक ठिपका असतो, मुगाच्या डाळीएवढा. आज भुवईपासून केसांपर्यंत चंदन थापलेलं होतं, अजून ओलं. लहानशी सहाण तो प्रवासातही बरोबर नेतो. टॅक्सीतच उगाळलं असणार. आणि मार्चच्या उन्हात त्यानं उपरणं गळ्याभोवती घट्ट गुंडाळलं होतं.

मामाला गोळ्या आवडत नाहीत. डोकं दुखलं की तो चंदनाचा लेप लावतो. आमच्या घरात हे सगळ्यांना माहीत आहे. थर्मल गनला माहीत नव्हतं. ती बिचारी चंदनाचा ताप मोजत होती.

"मामा, डोकं कधीपासून दुखतंय?"

"कोण म्हणालं दुखतंय?"

"मानेवर धरू का गन?"

"नियम कपाळाचा आहे ना? कपाळ दाखवलं. आता मान, मग पाठ, मग काय, उपरणं सोडून नाचू?" टॅक्सीवाला हसला. मामाला त्यामुळे आणखी जोर आला.

मी अम्माला फोन लावला, स्पीकरवर ठेवला, काय ते सांगितलं. पलीकडून तिचा श्वास ऐकू येत होता, शिट्टीसारखा. मामालाही तो ऐकू गेला.

"वेंकू," ती म्हणाली, "कपाळ धू."

"अक्का, गंध पुसणं शास्त्रात..."

"मी आहे तोवर मी सांगते ते शास्त्र."

"तू रसवांगी केलीयस ना?"

"केलीय. सेतू तुला इस्पितळात आणून देईल. त्यात मीठ कमी आहे असं म्हणालास तर परत सिंगापूरला जा."

मामानं सेल्वीसमोर डोकं वाकवलं. तिनं चंदन पुसून काढलं, कपाळ कोरडं केलं, थोडा वेळ थांबली आणि गन धरली. एकशे दोन.

"मशीन बिघडलंय," मामा म्हणाला. पण स्वतःहून ॲम्ब्युलन्सकडे चालू लागला. टॅक्सीवाल्याचं हसू एव्हाना थांबलं होतं. त्यालाही मागोमाग पाठवलं.

दोघांचेही स्वॅब घेतले. मामाचा पॉझिटिव्ह आला, टॅक्सीवाल्याचा नाही. मामाला ऑक्सिजन लावावा लागला. पण तो बरा झाला, आणि वॉर्डातून रोज निरोप धाडत राहिला की मीठ कमी होतं. अम्माला त्या साथीत काही झालं नाही. साहेबांनी नंतर सगळ्या चेकपोस्टना सांगितलं, कपाळ पुसू देत नसतील तर मानेवर मोजा. मी त्यातून एवढंच शिकलो की यंत्र जिथे धरावं तिथलंच सांगतं.

पुढे मी रिटायर झालो. अम्मा गेल्या वर्षी ऐप्पसी महिन्यात, ऑक्टोबरच्या पावसात गेली, म्हातारपणानं, झोपेत. तिचा इनहेलर अजून देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात आहे. तो कुठे ठेवावा हे मला ठरवता आलेलं नाही.

मामा आता माझ्याकडेच राहतो. रसवांगी तोच करतो. मीठ जास्त पडतं. मी सगळी खातो. सकाळी तो गंध लावून येतो तेव्हा मी ठिपका बघतो. मोठा वाटला की हात पुढे करतो. तो उपरणं बाजूला करतो आणि मान पुढे देतो.