कच्चं लिंबू

अंगणवाडी सेविकांचं प्रशिक्षण मंगरूळपीरला होतं. तिथं सांगितलं, जुने खेळ घ्या. त्यातून पोरं मोजायला शिकतात, धीर धरायला शिकतात. मला हसू आलं. आमच्या पोरांना धीर धरणं सोडून सगळं येतं. तरी परत आल्यावर मी लपाछपी सुरू केली.

तेव्हा आमच्याकडे तीन वर्षांची एक मुलगी नव्यानं येऊ लागली होती. आई सोयाबीन सोंगायला जाताना तिला सोडून जायची. 'मॅडम, तुमच्याच भरोशावर हाये,' म्हणायची. एवढ्याशा पोरीवर राज्य नको म्हणून मी तिला कच्चं लिंबू ठरवलं. म्हणजे तिनं खेळायचं, पण तिला धरायचं नाही.

एकदा खेळ संपला, पोरं खिचडीला बसली आणि तिची जागा रिकामी दिसली.

"ती कुठी हाये रे?" मी विचारलं.

"ते तं कच्चं लिंबू हाये, मॅडम," ज्याच्यावर राज्य होतं तो पोरगा घास घेत म्हणाला. "तिले कोन शोधते?"

फाटक सताड उघडं होतं. समोर शेलूबाजारकडे जाणारा जीपांचा रस्ता, मागच्या वावरात बिनकठड्याची विहीर. मदतनीस रस्त्याकडे पळाली, मी विहिरीकडे. काठावर गेले, पण खाली बघायची हिंमत होईना. शेवटी पाहिलं. हिरवं पाणी, त्यावर चार काड्या. पण बुडालेलं लेकरू लगेच वर थोडंच दिसतं? तिच्या आईला मी कोणत्या तोंडानं सांगणार होते?

हाका मारल्या, ओरडले, घसा बसला. कुठून हूं की चूं नाही. मदतनीस रस्त्यावरून रडतच परतली.

आणि मग मला आठवलं. कोणी कितीही हाका मारल्या तरी लपलेल्यानं बाहेर यायचं नाही, हे पोरांना मीच शिकवलं होतं.

मी अंगणातल्या कडुनिंबाला तोंड लावलं, डोळे मिटले आणि मोठ्यानं मोजू लागले. एक, दोन, तीन. मिटलेल्या डोळ्यांपुढं विहीरच येत होती. दहा म्हणताना रडू फुटलं. देवा, ती असू दे, एवढंच मनात होतं.

कमरेवर चिमुकली थाप पडली.

"धप्पा!"

केसांत, कानांत, फ्रॉकवर सगळं कुटार, सोयाबीनचा भुसा. शेजारच्या कुटाराच्या ढिगात ती इतका वेळ श्वास रोखून बसली होती. मी तिला घट्ट मिठीत घेतलं. सोडवेचना.

तिनंच धडपडून मिठी सोडवली. तोंड एवढंसं झालं होतं.

"मले कोनी शोधलंच नाही," ती म्हणाली. "आता तुमच्यावर राज्य. मले शोधजा."

आणि ती पुन्हा पळाली.