बाप्तिस्म्याचं कोमट पाणी

आमच्या नाशिकच्या घरी जगाची निर्मिती दर रविवारी मटणाच्या रश्श्यासोबत होते. वडील चर्चच्या मंडळीतले जुने शिक्षक. देवानं सहा दिवसांत जग केलं म्हणजे सहाच दिवसांत, त्यात घासाघीस नाही. नवरा कॉलेजात भूगोल शिकवतो. "पप्पा, सूर्यच चौथ्या दिवशी आला, मग पहिले तीन दिवस मोजले कुणी?" असं तो नळी चोखता चोखता विचारतो. मला दोघांचाही राग येतो, कारण रस्सा गार होतो.

गेल्या हिवाळ्यात मात्र प्रकरण हातघाईवर आलं. आमच्या मुलीचा बाप्तिस्मा ठरला होता. आमच्याकडे बाळाला वेदीपर्यंत आजोबाच नेतात. जेवताना वडील सहज म्हणाले, "आदामाचं पाप जन्मतःच येतं. ते धुवायलाच हवं."

नवरा उसळला. "हिला अजून पालथं पडता येत नाही, पाप कधी केलं हिनं?"

वडिलांनी ताट सारलं. "शब्द मागे घ्या, जावईबापू. नाहीतर मी बाळाला हात लावणार नाही."

मी रडकुंडीला आले. मला माझी मुलगी वडिलांच्याच हातात हवी होती. पण नवरा एक नंबरचा हट्टी. "बरं, बाप्तिस्म्याआधीच गेलेलं बाळ कुठे जातं, एवढं सांगा."

त्याला ठाऊक नव्हतं. माझ्याआधी आईला एक मुलगा झाला होता. वडील तेव्हा निफाडला नोकरीला होते. तिथल्या कडाक्याच्या थंडीत तो आठवड्याच्या आत गेला, बाप्तिस्म्याशिवाय. आमच्या घरात तो विषय कुणी काढत नाही.

आई चपात्यांचा डबा घेऊन दारातच थांबली होती. "सांगा ना," ती म्हणाली. "मलाही कधी सांगितलं नाहीत."

वडील आईकडे वळले. "तिथं मी शास्त्र अक्षर धरून वाचत नाही. त्याच्यासाठी रोज प्रार्थना करतो फक्त."

"पापक्षमेची?" आईनं विचारलं.

"नाही गं. त्याला थंडी वाजू नये म्हणून."

नवऱ्यानं वडिलांचं ताट पुन्हा त्यांच्यापुढे ओढलं आणि स्वतः रस्सा गरम करायला उठला.

बाप्तिस्म्याच्या दिवशी वडील सगळ्यांच्या आधी चर्चमध्ये हजर, काखेत थर्मास. "पाणी कोमट करून आणलंय," ते पाळकसाहेबांना म्हणाले. पाळकसाहेबांनी काही न विचारता ते पात्रात ओतलं. नवऱ्यानं स्वतः मुलीला वडिलांच्या हातात दिलं. तिच्या डोक्यावर पाणी पडलं, तेव्हा आमच्या घरातलं रडलं नाही ते फक्त बाळ.