ताईचं वजन उतरेना

माझ्या मागच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या बाईला सगळेच ताई म्हणायचे. धाकट्या भावाची ती ताई होतीच. पण बसस्टँडवरचे ड्रायव्हर, कंडक्टर, समोरच्या हॉटेलातला आचारी, तिच्यापेक्षा वयाने मोठे असलेले साहेबसुद्धा तिला ताईच म्हणत. मी तिच्याहून चांगली वीस वर्षांनी मोठी, तरी माझ्याही तोंडात तेच बसलं. ती मला काकू म्हणायची.

ताई बसस्टँडवर गाड्यांची घोषणा करायची. काचेची खोक्याएवढी खोली, समोर माइक, पाठीमागे घरघरणारा पंखा. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली उशिरा येणार, कोणाचं मूल हरवलं आणि कोणाचं सापडलं, हे ती अशा आवाजात सांगायची की ऐकणाऱ्याचा जीव भांड्यात पडावा. त्या आवाजावरून कोणाला वाटलं नसतं की ही बाई मुळात भित्री आहे. दवाखान्यात नुसता स्पिरिटचा वास आला तरी तिला घेरी यायची. खोलीत पाल दिसली की ती उशी बगलेत मारून माझ्याकडे यायची आणि म्हणायची, "काकू, आज तुमच्याकडे. ती गेली की सांगा."

जेवण मात्र हॉटेलात. खोलीत पाणी तापवायची किटली होती, तेवढाच तिचा संसार. शिफ्ट कधी पहाटेची, कधी दुपारची. "एकटीसाठी कुठे भांडी घासत बसू?" असं तिचं म्हणणं. स्टँडसमोरच्या हॉटेलात तिची भिंतीकडची खुर्ची ठरलेली होती आणि तिथला आचारी तिचं पान स्वतः वाढायचा. वर्षानुवर्षं तिथेच जेवून ती अंगाने चांगली भरली होती. त्याचं तिला काही वाटत नव्हतं. "आवाजाला पेटी मोठी लागते, काकू," म्हणायची आणि हसायची.

मग भावाच्या दोन्ही किडन्या गेल्या. तो शिवणयंत्रं दुरुस्त करायचा. गडी हसरा, बारीक अंगाचा. आधी पाय सुजले, मग डोळे, मग आठवड्यातून अनेक फेऱ्या डायलिसिसच्या. त्याच्या बायकोचा रक्तगट जुळेना. ताईचा जुळला. पुढच्या सगळ्या तपासण्याही जुळल्या. वहिनी भावाजवळ अडकलेली, म्हणून हॉस्पिटलात ताईसोबत मी जायची. डॉक्टरीणबाई कागद बघून म्हणाल्या, "सगळं उत्तम आहे. पण या वजनावर मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही. तुमच्याच जिवाला धोका आहे. आधी उतरवा, मग बोलू."

बाहेर आल्यावर ताई बाकावर मटकन बसली. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं, बिचारीची निराशा झाली. तिची त्या क्षणापुरती सुटका झाली होती, हे मला पुष्कळ दिवसांनी कळलं.

त्याच दिवशी ती हॉटेलाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेली. आचाऱ्याला तिने सगळं सांगितलं. भाऊ, किडनी, वजन. तो खांद्यावरच्या फडक्याला हात पुसत ऐकत राहिला. म्हणाला, "सूप, उकडलेली भाजी, वाफवलेला मासा. तळणीच्या कढईजवळ तुमचं ताट नेणार नाही. ताई, माझ्यावर सोडा."

आणि ताईने खरोखर दुसरं काही तोंडात घातलं नाही. मी डोळ्यांनी पाहत होते. चहातली साखर गेली, स्टँडवर कोणी वाढदिवसाचा केक आणला तर ती खिडकीबाहेर बघत बसायची. संध्याकाळी अंगणात फेऱ्या मारायची. असे कितीतरी आठवडे गेले आणि हॉस्पिटलातला काटा हलला नाही. एकदा तर थोडा वरच सरकला.

तिकडे भावाच्या हातातली नस बंद पडू लागली. डायलिसिसची सुई जिथे टोचायची ती नस. एक बंद पडली की दुसरीकडे, तीही गेली की गळ्याशी. वहिनीचा धीर सुटत चालला होता. एकदा ती माझ्या दारात उभी राहूनच ताईला म्हणाली, "ताई, राग मानू नका हं. पण सूप पिणारं माणूस असं दिसत नाही."

"मी सूपच पिते, वहिनी."

"असेल. मी आपलं विचारलं. शेवटी ज्याची त्याची इच्छा."

वहिनी गेल्यावर ताई पायरीवर बसली. मी तिच्याजवळ टेकले. ती समोर बघत म्हणाली, "काकू, ती म्हणते ते खरं आहे."

"काय खरं आहे? चोरून खातेस?"

"नाही. पण काट्यावर पाय ठेवला की मी मनात म्हणते, उतरू नको. दर वेळी म्हणते. माझ्याही नकळत निघतं. आणि तो ऐकतो."

"काटा म्हणजे काय तुझा कंडक्टर आहे, ऐकायला?" मी म्हटलं.

ती हसली नाही. "मला टेबल दिसतं, काकू. डोळे मिटले की दिवा दिसतो डोक्यावरचा. मी झोपेन आणि उठणारच नाही असं वाटतं. भावाला नाही म्हणायचं तोंड नाही मला, म्हणून माझं अंगच नाही म्हणतंय. मी मारतेय त्याला, काकू. काहीही न करता मारतेय."

तिचा हात धरला तर तो भर दुपारी गार पडला होता. तिची समजूत पटण्याजोगी नव्हती. पण इतके आठवडे उपाशी राहून वजन जसंच्या तसं, याला माझ्याकडे तरी दुसरं कुठे उत्तर होतं?

उत्तर माझ्या फ्रीजमध्ये मिळालं. त्या आठवड्यात एके दुपारी ताई जेवायला बसणार तोच भावाला थंडी वाजून ताप भरल्याचा फोन आला. तिने सूप डब्यात भरून घेतलं, घरी येऊन माझ्या फ्रीजमध्ये ठेवलं आणि तशीच हॉस्पिटलात पळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यासाठी ते गरम करावं म्हणून मी डबा उघडला. सूप कुठे दिसेचना. वर पिवळट, घट्ट थर जमला होता. चमच्याने टोचलं तर अख्खी चकतीच उचलून आली. मी वास घेतला. लोणी.

मी ताईला हाक मारली. ती केस बांधत आली, डब्यात पाहिलं, चमच्यातल्या चकतीकडे पाहिलं. मला वाटलं होतं, आता हिच्या डोक्यावरचा दगड उतरेल. तिच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं.

"काकू," ती हळूच म्हणाली, "तुम्ही कशाला बघितलंत?"

दुपारी तिच्यासोबत मी हॉटेलात गेले. तिचं सूप आलं. मी आचाऱ्याला बोलावून विचारलं, यात लोणी आहे का. तो गोंधळला. चोरी पकडल्यासारखा नव्हे. 'पाण्यात पाणी आहे का' असं विचारल्यासारखा.

"शिजवताना नाही हो. ताईंचं सगळं पाण्यातच शिजतं, वेगळ्या पातेल्यात. कोणाला हात लावू देत नाही मी."

"मग वरून?"

"वरून म्हणजे शेवटचा हात. तो असतोच. खिडकीतून पान बाहेर जाताना लोणी फिरवायचं, सूपमध्ये एक डाव सोडायचा, बटाट्यात साय. ते काय स्वयंपाकात धरतात? कोरडं पान माझ्या हातून आजवर बाहेर गेलेलं नाही." मग तो ताईकडे वळला. "आणि तुम्ही इतक्या सुकलेल्या दिसायला लागलात, म्हणून मी थोडं सढळच केलं, ताई. घरचंच माणूस तुम्ही."

त्याच्यावर रागवायचं तरी कसं? बिचारा जीव तोडून करत होता. मी ताईकडे पाहिलं. तिने सगळं ऐकलं होतं. वाटीवर तरंगणारे सोनेरी ठिपके तिलाही दिसत होते. तिने चमचा उचलला आणि ते सूप प्यायला लागली. सावकाश, वाटीच्या तळापर्यंत. प्रेताला शिवल्यावर यावा तसा शहारा माझ्या अंगावर आला.

घरी येताना तिने एवढंच विचारलं, "कोणाला सांगाल का?"

दुसऱ्या दिवशी ती तिथेच जेवली. तिसऱ्याही दिवशी. आता तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि आचारी आपला भाबडेपणाने सूपमध्ये लोण्याचा डाव सोडतच होता, कारण ताईने त्याला नको म्हटलं नव्हतं. ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. वहिनीचा फोन वाजला की मी हातातलं काम टाकून उभी राहायची. ताईला टेबलावर ढकलणारी मी कोण? आणि गप्प बसून तिच्या भावाला जाऊ देणारी तरी मी कोण? उद्या ती खरंच त्या टेबलावरून उठली नाही तर? माझ्या तोंडाला कुलूप लागलं ते याच भीतीने.

रविवारी आम्ही भावाला भेटायला गेलो. त्याच्या गळ्याशी आता नळी होती. ओठ कोरडे पडले होते. पाणीसुद्धा त्याला घोटाघोटाने मोजून मिळायचं. ताईला बघून तो नेहमीसारखा हसला. "काय गं भोंग्या, आज कुठल्या फलाटावर?" लहानपणापासून तो तिला भोंगा म्हणायचा.

ताई त्याच्या पांघरुणाच्या घड्या नीट करत राहिली. त्याने तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग वहिनी औषध आणायला बाहेर गेल्यावर म्हणाला, "तू जेव गं पोटभर. मला तर काहीच चालत नाही. दोघांपैकी एकाचं तरी पोट भरू दे."

"असं काय बोलतोस?"

"खरंच सांगतो. मला समजतंय, ताई. तुझ्या जागी मी असतो तर मीही घाबरलो असतो. पळूनच गेलो असतो मी. राहू दे. मिळेल दुसरं कोणी, नाहीतर नाही मिळणार. तू माझ्याशी बोलणं नको सोडूस, एवढंच. येऊन नुसती गप्प बसतेस, त्याचं जास्त लागतं."

परतीच्या वाटेवर ताई थरथरत होती. ताप भरावा तशी. मी तिच्या खांद्यावर शाल घातली, तरी थांबेना.

सकाळी ती माझ्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "काकू, मला शिजवायला शिकवा. हॉटेलात काय घातलं ते माहीत नव्हतं, असं मला म्हणता येतं. मला ते म्हणता यायला नको."

तिला खरोखर काहीच येत नव्हतं. गॅस पेटवताना ती काडी हातभर लांब धरायची आणि तोंड फिरवायची. कुकरची शिट्टी झाली की बाहेर पळायची. कांदा करपला की स्टँडवरच्या आवाजात सांगायची, "कृपया लक्ष द्या, कांदा काही कारणास्तव रद्द करण्यात आला आहे." मी हसायची, ती हसायची नाही, करपलेला कांदा काढून दुसरा चिरायला घ्यायची. भोपळा, कोबी, अंडं, मासा. सगळं तिच्या डोळ्यांसमोर पातेल्यात जायचं आणि डोळ्यांसमोर ताटात यायचं. चव बेताची असायची. आचारी दोनदा विचारून गेला, ताई रागावल्या का. तिने त्याला काचेच्या खोलीत बोलावून तिच्या डब्यातली भाजी खायला घातली. तो गिळून म्हणाला, "ताई, तुम्ही आवाजच सांभाळा."

आणि वजन उतरू लागलं. काटा खाली सरकला की ती घाईने त्यावरून उतरायची. कपडे सैल व्हायला लागले, वहिनीच्या बोलण्यात पुन्हा गोडवा आला, स्टँडवरचे लोक कौतुक करू लागले. तिची झोप मात्र उडाली. शेवटी शेवटी ती दवाखान्याच्या काट्यावर डोळे मिटून चढायची आणि सिस्टरला म्हणायची, "आकडा मला सांगू नका, यांना सांगा."

एके दिवशी सिस्टरने मला आकडा सांगितला आणि डॉक्टरीणबाईंनी ताईला एकटीलाच आत बोलावलं. मी बाहेर बसले. दार पुष्कळ वेळ बंद राहिलं. ती बाहेर आली तेव्हा भिंतीला हात लावत चालत होती.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, तुमची इच्छा नसेल तर मला आत्ता सांगा. आम्ही घरच्यांना सांगू की तपासणीत काहीतरी निघालं. काय निघालं ते कोणी विचारत नाही. तुमचं नाव कुठे येणार नाही."

"मग?"

"मी विचारलं, भीती जायची वाट बघू का? त्या म्हणाल्या, तशी वाट बघितली तर या मजल्यावर एकही ऑपरेशन व्हायचं नाही." ती माझ्या शेजारी बसली. "सही केली, काकू. अक्षर वाईट आलं, हात हलत होता. त्या म्हणाल्या, चालेल."

ऑपरेशनच्या सकाळी तिला आत नेताना तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की सिस्टरला तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली. वहिनी आणि मी एका बाकावर बसलो. ती माझ्याशी बोलत होती, मला काही ऐकू येत नव्हतं. दार हललं की आम्ही दोघी उठायचो आणि पुन्हा बसायचो.

संध्याकाळी मला थोडा वेळ आत सोडलं. ताईचा चेहरा कागदासारखा झाला होता. तिने डोळे अर्धवट उघडले, मी आहे हे बघितलं.

"मी ओरडले का?"

"नाही गं."

"ओरडायचं होतं." पुन्हा डोळे मिटले. जीभ जड झाली होती. "काकू, त्याला... त्याला लघवी झाली का?"

मी सिस्टरकडे पाहिलं. "टेबलावरच सुरू झाली," सिस्टर म्हणाली. "किडनी कामाला लागली. पिशवी दोनदा बदलली."

ताईने मान हलवली. तिचे दात वाजत होते. सिस्टरने आणखी एक पांघरूण आणून घातलं, आणि ताई त्याखालून हात काढून माझा हात शोधायला लागली.